भुयारातला संग्राहक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला पत्र पाठविले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेला माणूस दुसरे काय बोलणार? मी माझा विषय कळविला तेव्हा त्यांचा फोन आला. "संगणकावरच्या खेळातले भूत असे लिहिले आहे. हे आपलेच पत्र आहे ना?" असे त्यांनी फार सौजन्याने विचारले. मी म्हटले, पत्र माझेच आहे आणि शुद्धीवर असतानाच लिहिले आहे. तेव्हा आज जे काही होईल त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही, हे आधी नोंदवून ठेवतो.

माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात आणि गेट मीटिंगांत झाले. म्हणून एखाद्या गोष्टीकडे शास्त्रशुद्ध रीतीने कसे पाहावे हे मला येत नाही. कामाच्या बाजूने कसे पाहावे एवढे येते. एखादे देऊळ दाखविले तर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की, हे दगड कोणी वाहिले आणि त्यांना काय मिळाले. या खेळाकडेही मी तसाच पाहिले.

आमच्या संघटनेच्या कचेरीत रात्री एक पोरगा येऊन बसतो. कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लाइनवर काम करतो. एका खोलीत सहा जण राहतात, म्हणून पंख्याखाली जरा बसायला म्हणून आमच्याकडे येतो, आणि कुणाकडून तरी जुना घेतलेला लॅपटॉप उघडून खेळत राहतो. मी पावती पुस्तके जुळवीत असतो. एके रात्री माझ्या कानावर त्याचे एक वाक्य पडले. तो स्वतःशीच म्हणाला, "मेला तर मेला, उद्या गाडीत दुसरा येईल."

मंडळी, हे वाक्य मी यापूर्वी ऐकलेले होते. मात्र ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, आणि जरा सभ्य शब्दांत. मी चष्मा सारखा केला आणि खुर्ची त्याच्या शेजारी नेली.

भुयारात उतरायचे, राक्षस मारायचे, सोने घेऊन वर यायचे, या जातीचे खेळ अमेरिकेत सुरू झाले त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. १९८० साली 'रोग' नावाचा संगणकावरचा खेळ आला. त्यात चित्रे नव्हतीच. इंग्रजी लिपीतले एकेक मोठे अक्षर म्हणजे एकेक राक्षस. परंतु त्यात एक कडक नियम होता, मेलास की मेलास, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा नियम मला आवडला. एरवी खेळांत माणूस दहादा मरून दहादा उठतो, त्यामुळे मरणाला किंमत राहत नाही.

आमचा पोरगा खेळत होता त्याचे नाव 'डार्केस्ट डंजन', म्हणजे सर्वांत काळोखे भुयार. कॅनडातील रेड हूक स्टुडिओज या छोट्या मंडळीने तो केला आणि जानेवारी २०१६ मध्ये पूर्णपणे बाजारात आणला. रेड हूक हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गोदी-वस्तीचेही नाव आहे, आणि त्या वस्तीवर लव्हक्राफ्ट या भयकथा लिहिणाऱ्या गृहस्थाने एक कथा लिहिली होती. ती १९२७ साली छापली गेली. परदेशातून आलेल्या गोदीवरच्या गरीब माणसांविषयी तीत जो तिटकारा भरला आहे तो वाचवत नाही. पण भीती कशी उत्पन्न करावी हे या लेखकाला कळत होते यात शंका नाही, आणि खेळ त्याच्याच वळणाचा आहे. चित्रे जाड काळ्या शाईच्या रेषांची. चेहऱ्यांवर सावल्या इतक्या की डोळे दिसत नाहीत.

कथा अशी. एका जुन्या घराण्यातील वाड्याच्या मालकाला आपल्या वाड्याखाली काही अद्भुत शक्ती पुरलेली आहे असे कळते. घराण्याचा उरलासुरला पैसा तो मजुरांवर आणि फावड्यांवर घालतो आणि खणत सुटतो. खाली जे लागते ते पाहून तो एकटा पळून वर येतो. पुढे तो आपल्या वारसाला पत्र लिहून बोलावतो आणि स्वतःला गोळी घालून घेतो. वारस म्हणजे आपण, खेळणारे. मेलेला पूर्वज साऱ्या खेळभर आपल्या कानाशी बोलत राहतो. तो आवाज वेन जून या नटाचा आहे, आणि असा आवाज आमच्या चळवळीत एखाद्याला असता तर लाउडस्पीकरचे भाडे वाचले असते.

आता माझा प्रश्न. मालक एकटा वर आला, मग खणणाऱ्या मजुरांचे काय झाले? त्यांची नावे कोणत्या मस्टरवर आहेत? खेळ ते सांगत नाही. एका ठिकाणी मात्र पूर्वज कबुली देतो. चोरटा माल समुद्रमार्गे आणणाऱ्या खलाशांनी आपला दर वाढवून मागितला, तेव्हा या गृहस्थाने त्यांच्या नांगरावर मंत्र घातला आणि सारे गलबत माणसांसह तळाशी नेले. ते खलाशी पुढे भुते होऊन आपल्याशी लढायला येतात. पगारवाढ मागितल्याबद्दल बुडविलेली माणसे आणि त्यांना पुन्हा मारायला पाठविलेले आपण! मी पोराला म्हटले, "यांच्याशी कशाला लढतोस, यांची मागणी काय आहे ती तरी विचार." तो म्हणाला, "अण्णा, तसं बटण नाही."

या खेळात आपण स्वतः लढत नाही. गावात दर आठवड्याला एक घोडागाडी येते आणि तिच्यातून काम मागणारी माणसे उतरतात. वाटमारी करणारा, जुना शिपाई, जोगीण, वैद्य, महारोगाने पछाडलेला एक राजा, असे नाना प्रकार. त्यांना कामावर घ्यायला एक पैसाही लागत नाही. चौघांची रांग करून त्यांना खाली पाठवायचे. मुंबईच्या गिरण्यांच्या दरवाजात सकाळी बदली कामगार उभे राहत, आणि आज कुणाला आत घ्यायचे ते जॉबर बोट दाखवून ठरवी, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. घोडागाडी पाहिल्यावर मला तोच दरवाजा दिसला.

आणि आता या खेळाची खरी करामत सांगतो. यात अंगावरच्या जखमा मोजतात तसा मनावरचा ताणही मोजतात. अंधार झाला, सोबती पडला, भुकेले चालावे लागले, की आकडा चढतो. तो शंभरावर गेला की माणसाची परीक्षा होते. चारांत एखादा त्यातून ताठ उभा राहतो; बाकीचे मोडतात. कुणी भित्रा होतो, कुणी स्वार्थी, कुणी सोबत्यांनाच शिव्या देतो, कुणी औषध लावू देत नाही. दोनशेवर आकडा गेला की हृदयच दगा देते. तीस वर्षांत मी जी माणसे मोडताना पाहिली ती याच क्रमाने मोडली. रात्रपाळीवरून घरी गेलेला माणूस बायकोवर ओरडतो तेव्हा सगळे म्हणतात स्वभावच तसा. तो आकडा कुणी मोजलेला नसतो.

मोडलेल्या माणसाला बरे करायची सोय गावात आहे. देऊळ आहे, गुत्ता आहे, वेड्यांचे इस्पितळ आहे. पण तेथे सोने मोजावे लागते, आणि तो आठवडाभर कामाला येत नाही. उलट त्याला काढून टाकायला काही लागत नाही, आणि घोडागाडीतून नवा फुकट मिळतो. आता सांगा, हिशेबी माणूस काय करील? आमचा पोरगा हेच करीत होता. नव्या चौघांना मशालीवाचून खाली पाठवायचे, मिळेल ते सोने घेऊन जे परततील त्यांना हाकलायचे, पुन्हा नवे चौघे. अंधारात लूट जास्त मिळते, हेही खेळाने नियमात घालून ठेवले आहे. मी त्याला विचारले, "अरे, तुझ्या कंत्राटदाराने हे तुला शिकवले की काय?" तो हसला, पण जरा उशिराने हसला.

अशा अवस्थेत त्याला तो प्राणी भेटला. त्याचे इंग्रजी नाव 'कलेक्टर' आहे. आपल्याकडे हे नाव घेतले की जिल्ह्याची कचेरी डोळ्यांपुढे येते आणि आमच्यासारख्याला मोर्चाची वाट आठवते. तेव्हा घोटाळा नको म्हणून मी त्याला संग्राहक म्हणतो.

खेळातल्या इतर मोठ्या राक्षसांना शोधायला आपण ठरवून निघतो. त्यांच्याविषयी पूर्वज आधी सांगतो, यांना मीच असे केले, अशी कबुलीही देतो. संग्राहकाविषयी मात्र तो अशी कोणतीच हकीकत सांगत नाही. कोणत्याही भुयाराच्या कोणत्याही बोळात, ध्यानीमनी नसता, तो उभा असतो. उंच, पायघोळ झगा, टोपीखाली कवटीसारखा चेहरा. तो ओरडत नाही. काही वेळ पोरालाही कळेना की हे काय आहे. मग त्याने झगा बाजूला केला आणि आत माणसांची मुंडकी दिसली.

आपल्याला मुंडक्यांचे नवल नाही. आपल्या देवीच्या गळ्यातच मुंडमाला असते. पण ती मुंडकी असुरांची, आणि ती घालणारी जगाची आई. लहानपणी जत्रेत ते रूप पाहून मी भ्यालो असेन, पण माझ्या बाजूचे कुणीतरी आहे असेही वाटले. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसतो तोही निदान प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आले तर उडून जातो. त्याच्याशी बोलता येते. हा संग्राहक काही विचारीत नाही. तो झग्यातली तीन मुंडकी बाहेर काढतो, त्यांच्याखाली धुरकट देह उभे राहतात, आणि ती तिघे त्याच्या बाजूने लढू लागतात. पोराने मान पुढे घातली आणि पुटपुटला, "ही तर आपलीच माणसं आहेत."

तिघे कोण होते? एक वाटमाऱ्या, एक जुना शिपाई, एक जोगीण. घोडागाडीतून जे उतरतात तेच. जिवंतपणी जे काम करीत तेच काम मेल्यावर करीत होते. वाटमाऱ्या वार करतो, शिपाई ढाल पुढे करून संग्राहकाला वाचवतो, जोगीण त्याच्या जखमा भरते. फरक एवढाच, की यांना ताण नाही. आकडा चढत नाही, कुणी मोडत नाही, कुणी नाही म्हणत नाही. कितीतरी कारखानदारांना ही बातमी फार आवडेल.

खेळ करणाऱ्यांच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही, आणि मी त्यांची वकिली करायला आलो नाही. पण त्या बोळात दोन संग्राहक समोरासमोर उभे होते. पोरानेही माणसे गोळाच केली होती. त्याच्या गावात स्मशान आहे. तेथे मेलेल्यांची नावे आणि कशाने मेले ते लिहिलेले असते. मी त्याला ते उघडायला लावले. यादी संपेना. मी म्हटले, "यातला एक तरी आठवतो का?" त्याने दोन-तीन नावे मोठ्याने वाचली आणि थांबला.

पण खरा धक्का लढाई संपल्यावर होता. पोरगा जिंकला. राक्षस पडला की त्याच्याकडून काही दागिना मिळतो, तसा मिळाला. ते एक मुंडके होते आणि त्यावर नाव होते डिस्मस. खेळाच्या अगदी आरंभी, जुन्या रस्त्यावर मोडलेल्या गाडीतून आपल्याबरोबर जी दोन माणसे उतरतात त्यांतला एक हा डिस्मस, वाटमाऱ्या. ख्रिस्ताबरोबर ज्या पश्चात्तापी चोराला सुळावर दिले त्याचे परंपरेने सांगितलेले नाव हेच. पोराचा डिस्मस तर अजून जिवंत होता, वर गावात गुत्त्यात बसलेला होता. आणि त्याचे मुंडके हातात होते. ते दुसऱ्या एखाद्या गड्याच्या अंगावर बांधता येते आणि बांधले की त्याचे बळ वाढते.

"बांधू का?" पोराने मला विचारले.

मंडळी, या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. का दिले नाही ते सांगतो, कारण आज येथे उभा राहिलो तो त्यासाठीच.

२००७ साली आम्ही एका कारखान्यात लढा दिला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. गेटवर पुढच्या रांगेत कुणी बसायचे ते मी ठरविले. बोलणारे, न भिणारे असे अकरा जण मी निवडले. मीच बोट दाखवून निवडले. पुढच्या रांगेतले होते म्हणून तेच आधी निलंबित झाले आणि नंतर बडतर्फ. अडीच महिन्यांनी तडजोड झाली. पाचशेहून अधिक लोकांना वाढ मिळाली, बोनस मिळाला, आणि अकरांचे प्रकरण कोर्टाच्या निकालावर सोडावे असे कलम त्या करारात पडले. त्याखाली माझी सही आहे. आजही तो करार पुढे आला तर मी बहुधा सही करीन. ज्यांच्या घरी अडीच महिने चूल धड पेटली नव्हती त्या पाचशेंना मी काय सांगणार होतो?

त्या सहीची मला लाज नाही. त्यानंतर जे केले त्याची आहे. दर १ मे रोजी मी भाषणात 'आमचे अकरा वाघ' म्हणतो. टाळ्या पडतात. नव्या कारखान्यात सभासद करायला गेलो की अकरांची गोष्ट सांगतो आणि पावत्या फाटतात. त्या अकरांनी माझे बळ वाढविले यात शंका नाही. मी त्यांना अंगावर बांधून हिंडत होतो.

पोरगा निघून गेल्यावर मी एका कागदावर अकरा नावे लिहायला बसलो. सात आली. चार येईनात. जुन्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती माळ्यावरून काढल्या तेव्हा ती मिळाली. पुढच्या दोन महिन्यांत मी सुट्टीच्या दिवशी एकेकाचा पत्ता काढीत फिरलो. दोघे गावी शेतीवर गेलेले. एक वारला होता, आणि त्याची बातमी मला कुणी दिली नव्हती. द्यावी असे त्यांना वाटले नव्हते. एकाने उसाच्या रसाचे गुऱ्हाळ टाकले आहे. त्याने मला बसविले, रस दिला, पैसे घेईना. बोलता बोलता म्हणाला, "अण्णा, भाषणात तुम्ही आमचं नाव घेता असं लोक सांगतात. बरं वाटतं. पण ऐकायला कधी बोलावलं नाहीत."

मी काय बोलणार? रस संपविला.

कुणी म्हणेल, हा सारा पोरखेळ आहे आणि त्यात या बाबाने नसते अर्थ घुसडले. असेल. परंतु पुष्कळ कीर्तने ऐकूनही जी गोष्ट मला दिसली नाही ती या खेळाने दाखविली, एवढे खरे. तो उपदेश करीत नाही. उलट निर्दयपणाला बक्षीस देतो, हिशेब तुमच्यापुढे ठेवतो, आणि मग एका बोळात अशी एक आकृती उभी करतो की तिच्याकडे पाहून घ्यावे.

खेळात मला एक उणीवही दिसली, ती सांगायलाच हवी. सर्वांत खालच्या भुयारात जाऊन जो जिवंत परत येतो तो पुन्हा तेथे पाऊल टाकायला साफ नकार देतो. हे पाहून मला फार आनंद झाला. पण ते एकेकटे नकार देतात. गावातल्या साऱ्यांनी गुत्त्यात बसून, चर्चा करून, एकदम नाही म्हणायचे, अशी सोय करणाऱ्यांना सुचली नाही. वास्तविक खेळ बनविणारे कामगार स्वतः आता संघटना करू लागले आहेत. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरमधील चुका शोधणाऱ्या कामगारांनी २०२२ साली मतदान करून युनियन केली. तेव्हा पुढच्या एखाद्या खेळात ते बटणही येईल अशी आशा करायला जागा आहे.

पोराविषयी सांगायचे राहिले. त्या रात्रीनंतर त्याने घोडागाडीतून आलेल्या माणसांना स्वतः नावे द्यायला सुरुवात केली. तसे करता येते. लाइनवरच्या सोबत्यांची नावे दिली. एका दाढीवाल्या म्हाताऱ्या शिपायाला माझे नाव दिले. मग त्याला मशालीवाचून कुणाला खाली पाठवेना, देवळाचा खर्च वाढला, आणि खेळ दुप्पट लांबला. मध्यंतरी पाळी बदलली, म्हणून तो कचेरीत दिसला नाही. गेल्या महिन्यात आला तो म्हणाला, "अण्णा, शेवटपर्यंत पोचलो."

शेवटच्या लढाईत असे आहे, की तळाशी जे काही आहे ते आपल्या चौघांपैकी एकाचा बळी मागते, आणि कुणाला द्यायचे ते बोट ठेवून आपणच सांगायचे. त्यातून सुटका नाही. आणि हे एकदा नव्हे, दोनदा.

मी विचारले, "कुणाला दिलेस?"

"पहिले तुम्ही," तो म्हणाला. "तुमचं वय झालंय."

सभागृहात आपण हसलात तसाच मीही हसलो. मग विचारले, "आणि दुसरा?"

"दुसरा मी. माझंपण नाव ठेवलं होतं एकाला. बाकीचे दोघे लाइनवरचे होते, अण्णा. एकाची पोरगी आता बालवाडीत जाते."